ब्रेस्लाउसाठी झ्युरिकला येणार असशील तर

तू पत्रात मावशी म्हणालीस, तेव्हा मीही अगं-तुगंच करते. तुझं म्हणणं थोडक्यात असं: मुंबईच्या जेजे कलाशाळेत दुसरं वर्ष चालू आहे, लुईज कातरीन ब्रेस्लाउच्या चित्रांनी वेड लावलंय, आणि पदवी अर्धवट सोडून तिच्या झ्युरिकला शिकायला यायचंय. राहणं, पैसे, भाषा यांचंही विचारलंयस. ते सगळं सांगते. पण चित्रकार व्हायचं म्हणून ब्रेस्लाउ झ्युरिक सोडून गेली होती, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

तिचा जन्म म्युनिकचा, डिसेंबर 1856 मधला. पुढच्याच मार्चमध्ये तुझं जेजे सुरू झालं. वडील स्त्रीरोगांचे डॉक्टर; झ्युरिक विद्यापीठात प्राध्यापकी मिळाली आणि घर इकडे आलं. म्हणजे तीही इथे बाहेरूनच आलेली. 1866 मध्ये शवविच्छेदन करताना संसर्ग होऊन वडील गेले. पोरीला दमा. अंथरुणात पडल्यापडल्या ती चित्रं काढू लागली.

गंमत अशी की याच झ्युरिकनं 1867 मध्ये नादेझ्दा सुस्लोवा या रशियन बाईला डॉक्टरेट दिली. युरोपभरातल्या मुली वैद्यकी शिकायला इथे यायच्या. चित्रकलेत मात्र चांगल्या घरच्या मुलीनं खासगी शिकवणी लावावी, आल्यागेल्याचं रेखाचित्र काढावं, यापलीकडे फारशी वाट नव्हती. ब्रेस्लाउ चित्रकार एदुआर्ड फिफर यांच्याकडे शिकली. चित्रकार ओटिली रोएडरश्टाइनही त्यांचीच शिष्या. तीसुद्धा पुढे बर्लिन, मग पॅरिस असं करत बाहेर पडली. त्या काळच्या स्विस चित्रकर्त्रींची चरित्रं वाच, झ्युरिक-बर्न मागे टाकल्याशिवाय पुढचं पान क्वचितच उलटतं.

ब्रेस्लाउ पॅरिसला गेली 1876 मध्ये. तिथल्या सरकारी कलाशाळेनं, एकोल दे बोझारनं, बायकांना दार उघडलं ते 1897 मध्ये. तोवर अकादमी जुलियाँ हाच आधार. रोदोल्फ जुलियाँ यांचा हा खासगी वर्ग. मुलींचा स्टुडिओ वेगळा, फी मुलांच्या जवळपास दुप्पट. तरी मुली भरायच्या, कारण इथे त्यांना नग्न मॉडेल समोर बसवून लाइफ स्टडी करता येत होता. त्याशिवाय मोठं मनुष्याकृतींचं चित्र जमायचं कसं, आणि ते जमल्याशिवाय सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या वार्षिक चित्रप्रदर्शनात, नाव होणार कुठून? रोज मॉडेलसमोर काम, आणि ठरलेल्या दिवशी तोनी रोबेर-फ्लरींसारखे नावाजलेले चित्रकार येऊन करेक्शन करायचे. दोन-तीन वर्षांत, 1879 ला, ब्रेस्लाउचं चित्र सालोंमध्ये लागलं. तिच्याच वर्गात श्रीमंत घरची मारी बाश्किर्तसेफ होती. आपली बरोबरी आहे ती ब्रेस्लाउशीच, हे तिनं ओळखलं होतं आणि तो जळफळाट रोजनिशीत लिहूनही ठेवला.

मला विचारशील तर ब्रेस्लाउला घडवलं ते शाळेइतकंच भाड्याच्या घरानं. विंटरथूरची सोफी शेप्पी ही चित्रकार आणि मारिया फेलर ही गायिका, या दोघींसोबत ती राहायची. 1881 चं ‘मैत्रिणी’ हे चित्र याच घरातलं: टेबलाभोवती मैत्रिणी, सोबत कुत्रा, कडेला स्वतः ब्रेस्लाउ. कुणी नटूनथटून बसलेलं नाही, कुणी कुणाकडे बघतही नाही. एका छपराखाली राहणाऱ्या माणसांचा असा कंटाळलेला निवांतपणा मी दुसऱ्या कुठल्या चित्रात पाहिला नाही. त्या वर्षी सालोंमध्ये त्याची सन्माननीय दखल घेतली गेली. आज ते जिनिव्हाच्या कला व इतिहास संग्रहालयाच्या संग्रहात आहे. पुढे मादलेन झिल्हार्ट ही वर्गमैत्रीण तिची आयुष्याची जोडीदार झाली, जवळजवळ चाळीस वर्षं. 1889 च्या जागतिक प्रदर्शनात सुवर्णपदक, 1901 मध्ये लेजियाँ दोनर हा फ्रान्सचा मोठा सन्मान, 1927 मध्ये पॅरिसला लागून असलेल्या न्युईमध्ये मृत्यू. दफन मात्र इथे, झ्युरिकजवळच्या बाडेनमध्ये, आईशेजारी. आणि जिथे तिला विद्यार्थिनी म्हणून पाऊल ठेवता आलं नसतं, त्या एकोल दे बोझारनं 1928 मध्ये तिच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं.

जाता जाता: अमृता शेरगिल 1929 मध्ये पॅरिसला आधी ग्रांद शोमिएर अकादमीत गेली, ती अकादमी 1904 मध्ये काढणाऱ्यांपैकी एक बर्नची चित्रकार मार्था स्टेटलर होती. म्हणजे स्विस बायका पॅरिसला नुसत्या शिकायला गेल्या नाहीत, शाळाही काढून बसल्या.

आता तुझं. जेजे सोडू नकोस. पदवी पुरी कर आणि मास्टर्सला ये. पोर्टफोलिओत लाइफ स्टडी भरपूर ठेव, नुसती नीटनेटकी फिनिश केलेली चित्रं नकोत. झ्युरिकची आजची कलाशाळा चांगली आहे, पण पदवीचं शिक्षण बहुतांशी जर्मनमध्ये, आणि रस्त्यावर कानावर पडते ती स्विस जर्मन, जी गोएथे इन्स्टिट्यूटच्या जर्मन वर्गात शिकवत नाहीत. फ्रेंच जमणार असेल तर पॅरिसचाही अर्ज कर. पैशाच्या बाजूनं फरक असा: फ्रान्समध्ये विद्यार्थ्याला वर्षाला 964 तास काम करता येतं. इथे युरोपबाहेरून आलेल्याला साधारणपणे पहिले सहा महिने काम करता येत नाही, नंतर सत्र चालू असताना आठवड्याला 15 तास. तेव्हा पहिल्या वर्षाचा खर्च हातात घेऊनच ये, अर्धवेळ नोकरीच्या भरवशावर विमानात बसू नकोस.

घर एकटीनं घेऊ नकोस. वेगे, म्हणजे चार-पाच जणांचं भागीदारीतलं घर, त्यात खोली शोध. शक्यतो कला शिकणाऱ्यांमध्येच. रात्री अकरा वाजता तुझं चित्र बघून ‘हात चुकलाय’ म्हणणारं माणूस घरात असणं शिकवणीइतकंच कामाचं. डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत मागतात, तेही जमेस धर. आल्यावर चौदा दिवसांत नोंदणी, तीन महिन्यांत आरोग्य विमा, दोन्ही सक्तीचे. व्हिसाचा अर्ज मुंबईतूनच होतो, पण मंजुरी इथल्या कँटनकडून, म्हणजे राज्य सरकारकडून, यावी लागते आणि त्यात दोन-तीन महिने सहज जातात. प्रवेशाचं पत्र आलं की त्याच आठवड्यात कागद टाक.