बाळंतपणानंतर रक्तस्राव होतोय, पण बीपी ११०/८४ आहे. मग शॉक (अवयवांना पुरेसं रक्त न पोहोचणं) नाही असं समजायचं का?

नाही, बीपी ठीक असतानाही पेशंट शॉकमध्ये असू शकतो. रक्त कमी झालं की हृदय वेगाने धडधडतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी काही काळ टिकून राहतं. ट्रॉमाच्या (गंभीर दुखापतीच्या) प्रचलित वर्गीकरणात १५ ते ३० टक्के रक्त जाईपर्यंत वरचं बीपी बहुधा उतरत नाही. खालचं मात्र वाढतं, म्हणजे दोन्हींतलं अंतर कमी होतं. तुमच्या आकड्यात ते फक्त २६ आहे, मला तेच खटकतंय. आता हे बघा:

- नाडी: १०० च्या वर आहे का? नाडी भागिले वरचं बीपी ०.९ किंवा जास्त आलं तर डॉक्टरांना लगेच बोलवा.
- लघवी: ताशी वजनाच्या किलोमागे ०.५ मिली तरी हवी.
- हातपाय गार, घाम, उगाच चुळबूळ. (‘घाबरलीय’ म्हणून सोडू नका.)

डॉक्टर येईपर्यंत गर्भाशय चोळा, ऑक्सिजन लावा, जाड कॅन्युला (शिरेत घालायची नळी) दोन हातांना घाला, क्रॉसमॅचसाठी (द्यायचं रक्त जुळतं का ते तपासायला) रक्त काढून ठेवा. मात्र बीटा-ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारं औषध) चालू असेल तर नाडी फारशी वाढणार नाही. तिथे नाडीवर विसंबू नका.