गांधर्व विवाह हलका का?

प्रश्न : आम्ही दोघांनी रजिस्टर लग्न केलं. आजी म्हणते, "हा गांधर्व विवाह, शास्त्रात हलका." खरं आहे का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ताई, मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आठ विवाह आहेत. दोघांच्या इच्छेने जुळणारा गांधर्व त्यात सहावा. मनू त्याला कामातून उपजलेला म्हणतो, हे आजींचं बरोबर. पण महाभारतात कण्वमुनी शकुंतलेला सांगतात, क्षत्रियाला गांधर्वच श्रेष्ठ! सर्वांत अधम ठरवलाय तो पैशाच : झोपलेल्या, नशेतल्या किंवा भान नसलेल्या मुलीला गाठणं. आसुर म्हणजे पैसे मोजून मुलगी नेणं. त्याची तर मनूला इतकी चीड, की आर्ष विवाहात मुलीच्या बापाने वराकडून घेतलेली गाय-बैलाची जोडीसुद्धा त्याच्या लेखी विक्रीच, घेतलं थोडं असो की जास्त.

माझ्या बहिणीचं लग्न महाल भागातल्या आमच्या वाड्यात झालं. सालंकृत कन्यादान, म्हणायला आठांतला पहिला, उत्तम समजला जाणारा ब्राह्म विवाह. अंतरपाट धरलेला असताना वराकडच्यांनी स्कूटर मागितली. बाबांच्या हातातल्या अक्षता घामाने ओल्या झाल्या होत्या. तुमच्या लग्नात कुणी काही मागितलं नाही ना? आजींना एवढंच विचारा. कायद्याचं म्हणाल, तर १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली झालेलं लग्न पूर्ण वैध आहे.