शिक्षा भोगून आलेला चढाईपटू

प्रश्न : आमच्या गावात पंचवीस वर्षांपासून कबड्डीचे मंडळ आहे. आमचा एक चढाईपटू यात्रेतल्या भांडणात एकावर कोयत्याने वार केल्याबद्दल दोषी ठरला आणि तीन वर्षांची सक्तमजुरी भोगून गेल्या दिवाळीत घरी परतला. ज्याच्यावर वार झाला तो मुलगाही कबड्डी खेळायचा. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे आता वळत नाहीत; दूध संकलन केंद्रावर डाव्या हाताने कॅन उचलताना तो रोज दिसतो. मंडळात दोन तट पडले आहेत. काहीजण म्हणतात, शिक्षा संपली, विषय संपला. काहीजण म्हणतात, पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्या डच खेळाडूची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, तेच बरोबर. या मुलाचा खेळ व्यावसायिक संघात जाण्याच्या तोडीचा आहे. जिल्हा निवड चाचणीसाठी त्याचे नाव पाठवावे का? त्याने आमच्याकडे लहान मुलांना शिकवण्याचीही तयारी दाखवली आहे.
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आपल्या मूळ पत्रातला बराच मोठा भाग या मुलाच्या चढाईच्या वर्णनाने भरलेला होता. जागेअभावी तो गाळावा लागला. परंतु तो वाचत असताना माझ्या मनात एक शंका आली, ती आधी मोकळेपणाने मांडतो. हाच मुलगा राखीव खेळाडूंच्या बाकावर बसणारा असता, तर मंडळात दोन तट पडले असते का? खेळाच्या जगात दुसरी संधी हा शब्द फार उदारपणे वापरला जातो, पण ती संधी बहुधा पश्चात्तापाला मिळत नाही, गुणवत्तेला मिळते. त्यामुळे नाव पाठवण्याचा निर्णय घेताना त्याचा खेळ काही वेळ बाजूला ठेवता येतो का, हे मंडळाने प्रथम पाहावे.

पाकिस्तानचा वेगवान गोलंदाज मोहम्मद आमिर याचे उदाहरण आपल्या वाचकांना सहज आठवेल. २०१० च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर पैसे घेऊन ठरवून नोबॉल टाकल्याचे प्रकरण उघड झाले, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. आयसीसीने त्याच्यावर पाच वर्षांची बंदी घातली आणि लंडनच्या न्यायालयाने २०११ च्या नोव्हेंबरमध्ये त्याला सहा महिन्यांची शिक्षा सुनावली. त्याच प्रकरणात त्याचे संघसहकारी सलमान बटला अडीच वर्षांची आणि मोहम्मद आसिफला एक वर्षाची शिक्षा झाली. बंदी संपल्यावर पाकिस्तानच्या संघात परत आला तो एकटा आमिर. त्याचे वय कोवळे होते आणि न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला होता, ही कारणे खरीच आहेत; पण त्याचा डावखुरा स्विंग हेही कारण होते, हे आपण भारतीयांना कोणी वेगळे सांगायला नको, कारण १८ जून २०१७ रोजी ओव्हलवर चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात रोहित, विराट आणि शिखर या तिघांनाही त्यानेच बाद केले. मला त्या पुनरागमनातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. २०१५ च्या अखेरीस संघाच्या शिबिरात आमिर आला, तेव्हा मोहम्मद हफीझ आणि अझर अली यांनी त्याच्यासोबत सराव करण्यास नकार दिला. पुढे दोघे परतले आणि त्याच्याबरोबर खेळलेही. परंतु ज्यांचा विश्वासघात झाला होता, त्यांनी एकदा तरी आपला राग उघडपणे नोंदवला.

आता आपण उल्लेख केलेला डच खेळाडू. स्टीव्हन व्हान डे व्हेल्डे हा बीच व्हॉलीबॉलपटू २०१४ साली, एकोणीस वर्षांचा असताना, इंटरनेटवर ओळख झालेल्या बारा वर्षांच्या मुलीला भेटायला इंग्लंडला गेला आणि त्याने तिच्यावर बलात्कार केला. गुन्हा कबूल केल्यावर २०१६ साली त्याला चार वर्षांची शिक्षा झाली, आणि ऑलिंपिक खेळण्याचे त्याचे स्वप्न आता भंगले आहे, असे न्यायाधीशांनी त्याच वेळी म्हटले होते. पुढे त्याला नेदरलँड्सला पाठवण्यात आले, तिथल्या कायद्यानुसार शिक्षा कमी झाली आणि सुमारे वर्षभराच्या कैदेनंतर तो सुटला. २०१७ मध्ये तो पुन्हा खेळू लागला आणि २०२४ मध्ये आयफेल टॉवरच्या पायथ्याशी उभारलेल्या मैदानावर देशाचा गणवेश घालून उतरला. त्याच्या देशाच्या ऑलिंपिक समितीने त्याला पाठवले खरे, पण तो क्रीडाग्रामात राहिला नाही आणि पत्रकारांपासूनही त्याला दूर ठेवले गेले. ज्या खेळाडूला इतर खेळाडूंपासून वेगळे उतरवावे लागते, त्याच्या निवडीविषयी निवडणाऱ्यांच्याच मनात काहीतरी सलत असले पाहिजे.

या दोन्ही प्रकरणांतून मला एक भेद करावासा वाटतो. पोटासाठी काम करणे हा शिक्षा भोगलेल्या माणसाचा हक्क आहे, आणि कबड्डी किंवा क्रिकेट हे ज्याचे काम आहे, त्याला ते कायमचे नाकारणे म्हणजे न्यायालयाने न दिलेली शिक्षा आपण देणे होय. परंतु देशाचा किंवा जिल्ह्याचा गणवेश ही मजुरी नव्हे. तो मान आहे, आणि मानावर कोणाचाच हक्क नसतो. तिसरी गोष्ट म्हणजे खेळाडूच्या आसपास असणारी लहान मुले, त्यांचा त्याच्यावरचा आंधळा विश्वास आणि त्याला आपोआप मिळणारा अधिकार. मुलांवरील अत्याचाराच्या गुन्ह्यात या तिसऱ्या गोष्टीपुढे पहिल्या दोन्ही गोष्टी मागे पडल्या पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकी फुटबॉलपटू मायकल व्हिक याने कुत्र्यांच्या झुंजींच्या गुन्ह्यात २३ महिन्यांची शिक्षा झाल्यावर २००९ मध्ये पुनरागमन केले, आणि प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेबरोबर जाऊन तो तरुणांपुढे झुंजींविरुद्ध बोलला. त्यातले मनापासून किती आणि वकिलाच्या सल्ल्याने किती, हे ठरवणे कठीण आहे. तरी निदान ज्या ठिकाणी घाण केली, तिथेच तो झाडू घेऊन उभा राहिला.

आपल्याकडे मात्र हा प्रश्न अशा स्वरूपात क्वचितच येतो, कारण निकाल लागेपर्यंत खेळाडूची कारकीर्दच उरकलेली असते. नवज्योतसिंग सिद्धू यांच्याबाबतीत पतियाळातील घटना डिसेंबर १९८८ ची. त्या मारहाणीत एका वृद्धाचा मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने १९९९ मध्ये त्यांची निर्दोष मुक्तता केली, उच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्यांना सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये गुन्हा साध्या दुखापतीवर आणून केवळ एक हजार रुपये दंड केला आणि फेरविचार याचिकेवर २०२२ मध्ये एक वर्षाची कैद दिली. या काळात त्यांचे बहुतेक सारे कसोटी क्रिकेट खेळून झाले होते. मृताच्या कुटुंबाला तेहेतीस वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागली, आणि सिद्धूंना दुसरी संधी द्यावी की नाही, हे विचारण्याची वेळ क्रिकेट मंडळावर कधी आलीच नाही. आपल्या चढाईपटूचे प्रकरण या मानाने सरळ आहे. गुन्हा सिद्ध झाला आहे आणि शिक्षा पूर्ण झाली आहे.

एक व्यवहाराची सूचना. आपल्याकडे कबड्डीपटूचे खरे लक्ष क्रीडा कोट्यातल्या पोलीस किंवा रेल्वेच्या नोकरीवर असते. तिथे चारित्र्य पडताळणी होतेच. अर्जात शिक्षेची माहिती लपवू नये, हे त्याला आताच बजावून सांगा. माहिती दडवणे हे स्वतंत्रपणे नोकरी जाण्याचे कारण होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग यांच्या खटल्यात २०१६ साली म्हटले आहे. उलट खरी माहिती दिली तरी नोकरी मिळेलच, अशी खात्री देता येत नाही.

माझे उत्तर असे. त्याला मंडळाच्या संघातून खेळू द्या. व्यावसायिक संघाने उद्या घेतले, तर आडवे येऊ नका. मुलांना शिकवण्याचे काम मात्र सध्या देऊ नका. त्याच्यावर अविश्वास दाखवा, असे मी म्हणत नाही. पण दहा वर्षांच्या मुलांना कोयत्याची हकीकत माहीत आहे आणि त्यांना ती शौर्याची वाटत असण्याची शक्यता फार मोठी आहे. निवड चाचणीसाठी नाव पाठवायचे की नाही, हे ठरवण्याआधी मंडळाच्या अध्यक्षांनी आणि त्या चढाईपटूने दूध केंद्रावरच्या मुलाच्या घरी जावे. त्याची परवानगी मागू नये. निर्णयाचा भार त्याच्या डोक्यावर टाकणे हा आणखी एक अन्याय होईल. मंडळ काय ठरवू पाहत आहे ते त्याला गावातून कळण्याआधी मंडळाकडून कळावे, आणि तो जे बोलेल ते मान खाली घालून ऐकून घ्यावे. चढाईपटू त्या घराची पायरी चढायला तयार नसेल, तर या वर्षी नाव पाठवू नका. तयार असेल तर पाठवा, आणि त्या घरी जाताना सोबत नेहमीची पंधरा पोरे नेऊ नका.