आधी पावत्या काढ

प्रिय मुली,

खासदारापुढे व्हिसाच्या फीवाढीवर करायचं भाषण काल तू फोनवर पाऊण तास ऐकवलंस, त्यात दोनदा रडलीस. मी एकच प्रश्न विचारला होता, एकूण किती भरायचेत? तू म्हणालीस, "मावशी, खूप आहेत गं." खूप हा आकडा नाही. एस्टिमेटमध्ये 'खूप लागतील' असं लिहिलंस तर क्लायंट दुसरा आर्किटेक्ट शोधेल.

म्हणून मीच मांडते. सप्टेंबर 2023 मध्ये तू हीथ्रोला उतरलीस, तेव्हा शिक्षणानंतर ब्रिटनमध्ये दोन वर्षं नोकरी करू देणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसाची फी 715 पाउंड होती आणि इथल्या सरकारी दवाखान्यांसाठी व्हिसाबरोबर आगाऊ घेतला जाणारा आरोग्य अधिभार, तुम्ही ज्याला आयएचएस म्हणता तो, वर्षाला 624. दोन वर्षांचे मिळून 1,963. तुझ्या बॅगेतले भाजणीचे डबेही संपले नसतील, तोवर 4 ऑक्टोबरला फी 822 झाली. 6 फेब्रुवारी 2024 ला अधिभार 1,035 वर गेला. एप्रिल 2025 मध्ये फी 880. तेव्हा बेरीज झाली 2,950. म्हणजे 987 पाउंड जास्त, दीडपटच झाली की! आणि मिळणार तेवढंच, दोन वर्षं. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना तर दीडच वर्ष मिळणार आहे.

यातलं एक अक्षर तुझ्या भाषणात नाही. 'स्वप्नांचा चुराडा' मात्र तीनदा आहे.

आणि ते 'आम्ही म्हणजे दुभत्या गाई' काढून टाक. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, इथे लाथाही आपणच खातोय, ते सगळं खरं. पण गाय हिशोब मागू शकत नाही, तू मागू शकतेस. 'बेकायदेशीर वाढ' हेही काढ. 2014 च्या इमिग्रेशन कायद्याने सरकारला प्रत्यक्ष खर्चाहून जास्त फी लावायची मुभा दिली आहे. बेकायदेशीर म्हणालीस की समोरचा माणूस कायदा दाखवेल आणि तू खाली बसशील. त्यापेक्षा विचार, किती जास्त? गृहखातं एकेका प्रकारच्या अर्जामागे किती खर्च येतो त्याचा तक्ता स्वतःच प्रसिद्ध करतं. तो उघड, फीशेजारी ठेव, वजाबाकी कर. तेवढीच वजाबाकी बोल, बाकी काही बोलू नकोस.

मग विचार, ही वजाबाकी जाते कुठे? तेही लपवलेलं नाही. जुलै 2023 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान सुनक यांनी डॉक्टर, शिक्षक, पोलीस यांची पगारवाढ जाहीर केली आणि पैसा कुठून आणणार तर व्हिसा फी आणि आरोग्य अधिभार वाढवून, हेही त्याच दिवशी सांगितलं. तुझा अर्ज तपासणं महाग झालं, असं कोणी म्हटलंच नव्हतं. शिवाय नोकरी लागली की तुझ्या पगारातून आयकर आणि नॅशनल इन्शुरन्स कापला जाईलच. दवाखाने त्या करांवरही चालतात, म्हणजे एकाच दवाखान्याचे पैसे दोनदा.

तुझी आत्या म्हणते, पाहुण्याने पाहुण्यासारखं राहावं. आत्यांना माझा नमस्कार सांग आणि विचार, कुठल्या पाहुण्याकडून तुम्ही जेवणाचे पैसे दोन वर्षांचे आगाऊ घेतलेत?

तुझी भीती कळते मला. नाव पुढे आलं तर व्हिसा अडकेल का? खासदाराला पत्र लिहिल्याने व्हिसा अडकत नाही. उलट, तुमच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरच्या चारशे जणांपैकी किती जणांना माहीत आहे की भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इथे राहणारा भारतीय नागरिक मतदार यादीत नाव घालू शकतो, आणि संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो? तू नाव घातलंस का? नाही. दोन वर्षं झाली. रडायला वेळ आहे, फॉर्म भरायला पाच मिनिटं नाहीत. (रागावू नकोस. मी स्वतः सहा वर्षांनी घातलं.)

आकडा का, आकडाच का, असं विचारलंस. 2020 चा मे महिना आठव. तू शाळेत असशील किंवा नुकतीच बाहेर पडली असशील. इथे परदेशी नर्स आणि वॉर्डबॉय कोविडच्या वॉर्डात काम करत होते आणि त्याच इस्पितळांसाठी अधिभारही भरत होते. 20 तारखेला पंतप्रधान जॉन्सन संसदेत म्हणाले, तो बंद करता येणार नाही, त्यातून 90 कोटी पाउंड मिळतात. लोकांनी लगेच आकडा सोलला. ती रक्कम चार वर्षांची होती, आणि अधिभार भरणाऱ्या सगळ्यांची मिळून. आरोग्य कर्मचाऱ्यांचा वाटा त्यात लहानसा. 21 तारखेला सरकारने त्यांच्यापुरती माघार घेतली. नुसत्या आकड्याने झालं असं नाही, टाळ्याही वाजत होत्या, लाजही होती. पण आकडा पडला नसता तर माघारीला वाट मिळाली नसती.

आणि पुरावा नसलेला शब्द काय करतो तेही बघ. तू पुण्याची, फर्ग्युसन रस्त्यावरून रोज गेलीस. त्याच फर्ग्युसनमध्ये शिकवणारे गोखले 1897 मध्ये लंडनला वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला आले. हिंदुस्थानच्या खर्चाचे आकडे असे मांडले की उलटतपासणीत हलले नाहीत. त्याच मुक्कामात पुण्याहून पत्रं आली, प्लेगच्या तपासणीत सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांची. गोखले ते इथल्या वर्तमानपत्राशी बोलले. परत गेल्यावर लिहिणाऱ्यांपैकी कोणी नाव पुढे करेना, आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. पत्रं खोटी होती असं मला वाटत नाही. पण सही करायला कोणी आलं नाही.

सही करायला न येणारी मीही होते. ते तुला सांगायचं टाळत होते.

मार्च 2011 मध्ये जाहीर झालं की शिक्षणानंतरचा दोन वर्षांचा वर्क व्हिसा एप्रिल 2012 पासून बंद. माझा आधीच झाला होता. माझ्याबरोबर राहणाऱ्या मिरजेच्या मैत्रिणीचा कोर्स संपणार होता सप्टेंबर 2012 ला. तिने निवेदन तयार केलं होतं. माझ्याकडून तिला हवं होतं एवढंच, मी किती कर भरते त्याच्या पगारपावत्या आणि खाली सही. मी म्हटलं, बघते. आठवडाभर बघत राहिले. मग ती विचारायची थांबली.

माझ्या वडिलांनी कर्जाला घर तारण ठेवलं होतं. नोकरी लागून तीनच महिने झाले होते, वरिष्ठ तिरसट होता. हे सगळं खरं आहे आणि तुला सांगताना ते मला पुरेसं वाटतंय, पण रात्री वाटत नाही. माझ्या पावत्यांनी व्हिसा वाचला नसता, हेही मला ठाऊक आहे. तो बंद झालाच, 2021 मध्ये ग्रॅज्युएट रूट उघडेपर्यंत नऊ वर्षं बंद राहिला. तरीही त्या पावत्या माझ्या खणात होत्या. अजून आहेत.

तेव्हापासून दर वाढीला मी पत्र लिहिते. घरात सगळे हसतात. उत्तरं छापील येतात, ती मी तारखेप्रमाणे लावून ठेवते. तू त्याला नाद म्हणालीस. असेल.

तुझा स्टुडंट व्हिसा जानेवारीत संपतोय, त्याआधी अर्ज कर आणि पैसे भर. लढाईसाठी मुदत चुकवायची नाही, यावर वाद नको. शुक्रवारी साडेचारला तुझ्या खासदाराची भेट ठरली आहे, दहाच मिनिटं देतात. तू, तो नायजेरियाचा मुलगा आणि नेपाळची मुलगी, तिघांनी आपापली एक पानाची बेरीज आणायची. उतरल्याची तारीख, त्या दिवशीची फी, आजची फी, बँकेची पावती. खाली पूर्ण नाव आणि सही.

गुरुवारी रात्री माझ्याकडे जेवायला या. प्रिंटरमध्ये शाई भरून ठेवली आहे. भाषण घरी ठेव.

तुझी मावशी