वाचकांचे प्रश्न : रेल्वेच्या स्वयंसेवक पलटणीचे हेल्मेट

प्रश्न : मुंबईच्या चोर बाजारात पांढऱ्या कापडाने मढवलेले एक जुने लष्करी हेल्मेट पाहण्यात आले. त्यावर जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे व्हॉलंटियर पलटणीचा, व्हिक्टोरिया राणीच्या मुकुटाचा पितळी बिल्ला आहे. दुकानदार ते १८८०च्या सुमाराचे असल्याचे सांगतो आणि बिल्ल्यामुळे किंमत चढी लावतो. ते घ्यावे का? (एक संग्राहक, ठाणे)

उत्तर : हेल्मेट आणि बिल्ला यांची पारख वेगवेगळी करावी, कारण बाजारात येणाऱ्या अशा पुष्कळ जोड्या मागाहून जमवलेल्या असतात. ही पलटण १८७५ मध्ये उभी राहिली, १९१७ मध्ये इंडियन डिफेन्स फोर्समध्ये आणि १९२०च्या कायद्याने ऑक्झिलरी फोर्समध्ये, म्हणजे साहाय्यक दलात, सामील झाली. ते दल १९४७ मध्ये विसर्जित झाले. रेल्वेतील युरोपीय आणि अँग्लो-इंडियन नोकर तिच्यात असत, त्यामुळे भुसावळ-इगतपुरीकडच्या जुन्या रेल्वे कुटुंबांतून तिच्या वस्तू अजूनही कधीमधी निघतात, आणि अशा घरातून आलेल्या वस्तूला दुकानातल्या वस्तूपेक्षा मी नेहमीच अधिक मोल देईन.

राणीच्या मुकुटाच्या कमानी दोन्ही बाजूंना उंचावून मध्यभागी खाली दबलेल्या असतात, तर १९०१ नंतरच्या राजाच्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोल दिसतात. आता हेल्मेटचा घाट पाहावा. १८७७ मध्ये मंजूर झालेल्या नमुन्याचे हेल्मेट उंच असून त्याला पुढे आणि मागे टोकदार झडप असते. चहूबाजूंनी रुंद, मागे उतरत गेलेली कड असेल तर ते वुल्झली पद्धतीचे, म्हणजे साधारणपणे विसाव्या शतकातले होय. अशा हेल्मेटवर राणीचा मुकुट दिसला की संशय घ्यावा.

त्यानंतर दुकानदाराच्या परवानगीने बिल्ला हलकेच सैल करून पाहावा. मूळ बिल्ला ठशावर दाबून काढलेला असल्याने त्याच्या पाठीमागे पुढच्या नक्षीचा खोलगट ठसा उमटलेला असतो. ओतीव नकलेची पाठ सपाट वा खरखरीत असते आणि अक्षरांच्या कडा बोथट वाटतात. बिल्ला वर्षानुवर्षे तिथेच असेल तर त्याखालचे कापड भोवतालच्या पिवळटलेल्या कापडापेक्षा उजळ निघते आणि त्याच्या आकाराची पुसट रेषा दिसते. अशी हेल्मेटे कापडाखाली बुचाची किंवा भेंडाची असतात. भोकांतून आतले बूच ताजे, तांबूस दिसत असेल, तर ती भोके अलीकडेच पाडलेली समजावीत. चित्रपटांसाठी बनवलेली हेल्मेटेही मुंबईत फिरत असतात, त्यामुळे नुसत्या मळकटपणावर भुलू नये. हेल्मेट खरे पण बिल्ला नकली निघाल्यास निव्वळ हेल्मेटचीच किंमत द्यावी, आणि दुकानदार ऐकत नसेल तर सरळ परत यावे.

प्रश्न : शेजारच्या अँग्लो-इंडियन आजींनी त्यांच्या वडिलांचे असेच हेल्मेट मला दिले आहे. पावसाळ्यात ते कसे जपावे? त्यांचा पुतण्या ऑस्ट्रेलियात असतो. त्याला ते पाठवता येईल का? (वाचक, भुसावळ)

उत्तर : सर्वप्रथम आजींकडून वडिलांचे नाव, हुद्दा आणि नोकरीची ठिकाणे लिहून घ्यावीत व घरात गणवेशातला फोटो असल्यास त्याची प्रत जोडावी. पितळ चिंचेने किंवा पॉलिशने घासू नये, मुलामा असल्यास तो कायमचा जातो. कापड पाण्याने धुऊ नये, कारण आतले बूच वा भेंड ओलाव्याने फुगून आकार बिघडतो. आम्लरहित कागदाच्या सैल गोळ्यांचा आधार देऊन ते खोक्यात ठेवावे, सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून पावसाळ्यात त्या बदलत राहाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र बांधू नये, आत बुरशी धरते.

परदेशी पाठवण्याआधी त्याचे वय निश्चित करावे. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. वय नेमके ठरत नसेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात ते दाखवून ही वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळतो का, हे विचारावे आणि तोवर कुरियरच्या वाटेला जाऊ नये.