तिसऱ्यांदा ‘उद्या या’

‘ताई, मी 26 वर्षांची आहे. तालुक्याच्या गावी बँकेत काउंटरवर असते. नोव्हेंबर सुरू झाला की हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची झुंबड उडते. मी सगळ्यांशी हसून बोलते, काका-मावशी म्हणते, कधी आवाज चढवत नाही. तरी परवा रेल्वेतून गँगमन म्हणून रिटायर झालेल्या 78 वर्षांच्या एका आजोबांनी पासबुक काउंटरवर आपटलं आणि सगळ्यांदेखत मला नाही नाही ते बोलले. मशीनवर त्यांचा अंगठा उमटत नव्हता म्हणून मी तिसऱ्यांदा ‘उद्या या’ म्हटलं होतं, बस. नम्रपणे वागून हेच पदरात पडणार असेल तर वागायचं कशाला?’

अगं, एक वाक्य तू घाईघाईत टाकून पुढे गेलीस. मी तिथंच अडकले. तिसऱ्यांदा?

सगळ्यांदेखत बोलणी खाणं वाईटच, रडू येतं. पण 78 वर्षांचा माणूस सकाळची एसटी धरून येतो, रांगेत ताटकळतो, मशीनवर अंगठा टेकवतो, आणि तू त्याला गोड आवाजात परत पाठवतेस. एकदा नाही, तीनदा. ज्या हातांनी उभं आयुष्य रुळांवर पहार चालवली, खडी ओढली, त्या बोटांवर रेषा उरतील कुठून? त्यात थंडीनं कातडी कोरडी पडलेली. आज आले काय नि उद्या आले काय, अंगठा तोच! हे त्यांना ठाऊक नसेल. काउंटरच्या आत बसणाऱ्या तुला ठाऊक असायला हवं होतं.

आणि अंगठ्यावाचून काही अडतही नाही. ते केंद्र सरकारचे पेन्शनर, त्यांचा कागदी दाखला आजही चालतो. माणूस समोर, फॉर्मवर त्याची सही, तुमच्या अधिकाऱ्याची सही नि शिक्का, झालं काम. शिवाय चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय 2021 पासून आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर पापण्यांची उघडझाप केली की दाखला तयार होतो. पहिल्याच दिवशी दहा मिनिटांत आटोपलं असतं.

30 नोव्हेंबर उलटला की पेन्शन अडकते. पुढे दाखला दिल्यावर थकलेली रक्कम मिळते, हे खरं. पण तोवर किराणा आणि बीपीच्या गोळ्या कुणी उधार द्यायच्या? त्या धास्तीनं त्यांचा तोल गेला. तू ‘काका’ म्हणतेस ते चांगलंच आहे, सोडू नकोस. पण काम न करता गोड बोललेलं माणसाला जास्त लागतं. खेकसणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं. हसऱ्या मुलीशी भांडलं की आपणच वाईट ठरतो. तसेच ते परवा सगळ्या रांगेसमोर ठरले.

आता ऐक. उद्या फॉर्म घेऊन त्यांच्या घरी जा. सही करणारा अधिकारी सोबत ने. मॅनेजरसाहेबांनी कुरकुर केली तर सांग, 70 च्या पुढच्या ग्राहकांचा हयातीचा दाखला घरी जाऊन घ्यायची सोय करा, असं रिझर्व्ह बँकेनं 2017 सालीच बँकांना कळवलंय. खात्यात आजोबांचा नंबर असेल, निघण्याआधी फोन कर. ‘आजोबा, चूक माझी झाली. आम्ही घरी येतोय, पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, नि आधार कार्ड काढून ठेवा,’ एवढंच बोल. पासबुक आपटल्याचा विषय काढायचा नाही. ते माफी मागतील, न मागतील, त्यासाठी तू जात नाहीयेस. दाखल्याची पोच त्यांच्या हातात पडल्याशिवाय मात्र उठू नकोस.

आणि या महिन्यात अंगठा उमटला नाही म्हणून आणखी कुणाकुणाला परत पाठवलंस, ती नावं आज रात्रीच आठवून लिहून काढ. ते पुन्हा रांगेत येऊन उभे राहण्याआधी त्यांना तुझा फोन गेला पाहिजे.