मातीच्या बुद्धपट्टिका : पहिली पावले

मातीच्या बुद्धपट्टिका, म्हणजे साच्यातून काढलेल्या बुद्धप्रतिमेच्या छोट्या मातीच्या पट्ट्या, जमवायची तुमची आवड पाहून आनंद झाला, पण सुरुवातीला एकही पट्टिका विकत घेऊ नका. बाजारात नकला भरपूर आहेत. शिवाय अस्सल पुरावस्तू भारताबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने कडक बंधने आहेत. आधी संग्रहालयांत डोळा तयार होऊ द्या.

पहिले काही महिने एवढेच करा :

- एकच परंपरा धरा. माझी शिफारस बोधगया-नालंदा परिसरातल्या पालकालीन (पाल राजांच्या काळातल्या, साधारण ८वे ते १२वे शतक) पट्टिकांची. भूमिस्पर्श मुद्रेतला (उजव्या हाताने जमिनीला स्पर्श करणारा) बुद्ध, वर बोधगयेच्या महाबोधी मंदिराचे शिखर, आजूबाजूला चिमुकले स्तूप, खाली ‘ये धर्मा हेतुप्रभवा’ ही बुद्धाच्या शिकवणीचे सार सांगणारी गाथा. ही गाथा ओळखायला शिकलात की निम्मे काम झाले. मुंबईजवळ कान्हेरीलाही ती उमटवलेले मातीचे शिक्के सापडले आहेत.
- मागची बाजू जरूर बघा. तिथे बोटांचे ठसे, कधी लेखही असतो. म्यानमारमधल्या बागानच्या अनव्रथ राजाने ११व्या शतकात स्वतःच्या नावाच्या पट्टिका करवल्या.

नवखे सगळ्याच पट्टिकांना ‘ताईत’ म्हणतात. बहुतेक पट्टिका पुण्यासाठी घडवून स्तूपात ठेवल्या जात किंवा तीर्थाला अर्पण होत. थायलंडमध्ये त्या गळ्यात घालायची मोठी प्रथा बरीच नंतरची. आणि मळकट दिसते म्हणून जुनी समजू नका, मळ चढवता येतो.

साचे, माती, कालनिर्णय हे सगळे पुढे बघू. कोणते संग्रहालय जवळ आहे ते कळवा.